हेड्डीच्या व्हरांड्यातला बिशप

हेड्डी क्रोनर्टने छत्तीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईघरात काढली, त्यांतली शेवटची एकोणीस मुख्य म्हणून. मरी नदीकाठच्या त्या संत्र्या-द्राक्षांच्या गावात कोण कसं गेलं आणि कोण कसं जन्मलं, हे चर्चच्या पास्टरच्या आधी तिला कळायचं. चादरी तिच्याकडेच यायच्या. रक्त गार पाण्यात, पू गरम सोड्यात, ओकारी आधी खरवडून मग साबणात, असे तिचे नियम ठरलेले. हाताखालच्या पोरींनी नाकाला पदर लावल्यासारखा रुमाल लावला की ती म्हणायची, "किळस कसली येतेय? इथे आलेली घाण ही जायलाच आलेली असते." तिला स्वतःला तिथे कधी शिसारी आली नाही.

शिसारी यायची ती घरी.

घरी नवरा होता, क्लेम. फळांच्या पॅकिंग शेडमधली यंत्रं दुरुस्त करणारा, मोठ्या हाडाचा, मऊ बोलणारा माणूस. लग्न दोघांनी उशिरा केलं, मूल झालं नाही, आणि त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी अवाक्षरही बोलले नाहीत. क्लेम मात्र एकेक जीव घरात आणू लागला. न विचारता.

पहिला आला तो पत्र्याच्या जेवणाच्या डब्यातून. बदामाच्या बागांवर पांढऱ्या काकाकुव्यांचे थवेच्या थवे उतरतात आणि बागवाले बंदुका झाडतात. त्यातलाच एक, छर्रा लागून पंख मोडलेला, क्लेमने उचलून आणला.

"दोन दिवसांत मरेल गं बिचारा," तो म्हणाला.

"डब्यात? उद्या त्याच डब्यात मी तुझं सँडविच भरायचं?"

दोन दिवसांत काही तो मेला नाही. पंख तेवढा कायमचा वाकडा राहिला, त्यामुळे त्याला उडता येईना. पण चालता येत होतं, चढता येत होतं आणि चोच शाबूत होती. तेवढ्या भांडवलावर त्याने घर ताब्यात घेतलं. पांढरे कपडे, डोळ्यांभोवती निळसर उघडी कातडी, चालणं डुलत डुलत. क्लेमने त्याचं नाव ठेवलं बिशप. हेड्डी लुथरन पंथाच्या घराण्यातली, दर रविवारी चर्चला जाणारी. तिला ते नावसुद्धा आवडलं नाही.

मग शेजारचा म्हातारा वारला आणि त्याची गुलाबी छातीची काकाकुवीण वेरा पिंजऱ्यासकट इकडे आली. मग स्मोक आला, मेंढ्या राखायच्या जातीचा करडा कुत्रा, मेंढ्या सोडून मोटारींच्या चाकांमागे धावतो म्हणून कामावरून काढून टाकलेला. शेवटी बटन, पांढरी-तपकिरी, आखूड पायांची, दिवसभर भोकं खणणारी. ती कुठून आली हे क्लेमने कधीच नीट सांगितलं नाही.

काकाकुव्याच्या अंगातून बारीक पांढरी भुकटी झडते. ती हेड्डीच्या काळ्या कपाटावर बसायची, लोण्यावर बसायची, चष्म्याच्या काचांवर बसायची. व्हरांड्याच्या तुळईखाली पांढऱ्या-हिरव्या विष्ठेचे ओघळ सुकून कडक व्हायचे. बटन ते चाटायची. वर त्याच तोंडाने येऊन क्लेमची हनुवटी चाटायची आणि क्लेम डोळे मिटून हसायचा. त्या रात्री हेड्डी नवऱ्याकडे पाठ करून झोपायची.

कुत्र्यांचा दुसरा शौक नदीवरचा. गळ टाकणाऱ्यांना कार्प नावाचा मासा लागला तर तो परत पाण्यात सोडायचा नाही असा कायदा, आणि खायला तो कुणालाच नको. म्हणून लोक तो काठावरच टाकून जातात. उन्हात तीन दिवस फुगलेल्या, अळ्या पडलेल्या कार्पवर उताणं लोळण्यापलीकडे स्मोकला आणि बटनला स्वर्ग ठाऊक नव्हता. हे लोळणं ती दोघं नेमकं रविवारी सकाळी उरकायची आणि हेड्डी चर्चसाठी कोऱ्या इस्त्रीचे कपडे घालून उभी असताना येऊन तिच्या पोटऱ्यांना अंग घासायची.

सोमवार धुण्याचा. परसात कपडे वाळत घालायची, खांबावर छत्रीसारखी फिरणारी तार होती. एका सोमवारी हेड्डी तिच्यावर सहा चादरी घालून आत आली. बिशप खांबावरून चढला, तारेवर गेला आणि लाकडी चिमटे एकेक करून फोडत पुढे सरकू लागला. चादरी खाली पडत गेल्या. कुत्र्यांनी त्या ओढल्या, ओल्या मातीतून, लिंबाच्या झाडाभोवतीच्या शेणखतातून. हेड्डी बाहेर आली तेव्हा बिशप तारेला उलटा लोंबकळून गरगर फिरत होता आणि किंचाळत होता.

क्लेम खिडकीत उभा राहून डोळे पुसत हसत होता. "अगं बघ तरी! मेळ्यातल्या पाळण्यात बसलाय जणू!"

"क्लेम, त्या चादरी मी उकळल्या होत्या."

"मग परत उकळ. तुला येतं की ते."

त्या एका वाक्यासाठी तिने त्याला बरेच महिने माफ केलं नाही.

पण ह्या सगळ्यावर कडी होती बिशपच्या प्रेमाची. दर सप्टेंबरात, तिकडचा वसंत लागून लिंबं-संत्री फुलली की तो प्रेमात पडायचा. हाताने दाणे भरवणाऱ्या क्लेमच्या नाही, शेजारच्या दांडीवर बसलेल्या वेराच्याही नाही. हेड्डीच्या. ती खुर्चीत विणायला बसली की तो पाठीवरून चढून खांद्यावर यायचा, मान खालीवर करायचा, तुरा फुलवायचा आणि गळ्याच्या पिशवीतून अर्धवट जिरलेले दाणे आणि भोपळ्याचा कोमट, आंबूस लगदा काढून तिच्या कानात ठेवायचा. कान नसेल तर अंगठीवर.

"घास भरवतोय तो तुला," क्लेम कौतुकाने म्हणायचा. "त्यांच्यात बायकोला असंच भरवतात. त्याने तुला बायको मानलंय, हेड्डी."

"एकाची झाले तेवढं पुरे झालं मला! काढ ह्याला आधी!"

आणि मग ती मोरीकडे धावायची, कान खळाखळा धुवायची आणि दर वेळी तोंडातून निघायचं, "शी!"

बिशपने तो शब्द उचलला. क्लेमकडून त्याने बरंच घेतलं होतं, कुत्र्यांना बोलवायची शिट्टी, "चल रे स्मोक!" ही हाक, दाराचा करकरणारा आवाज. हेड्डीकडून घेतला तो एवढा एकच शब्द, पण असा हुबेहूब, की नाक मुरडलेलं ऐकू यावं. पास्टर चहाला आले, त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला, आणि व्हरांड्यातून हेड्डीचा आवाज आला, "शी!" पास्टरनी केक परत बशीत ठेवला. हेड्डी शेजारीच बसली होती, तोंड मिटून. तरी त्यांना ते पटायला वेळ लागला.

बिशपचा सर्वांत आवडता खेळ कुत्र्यांशी असायचा. क्लेमच्या शिट्टीची नक्कल करून तो कुत्र्यांना बोलवायचा. दोघं बाण सुटल्यासारखी यायची, कुणी नाही हे बघून परत जायची, की हा पुन्हा शिट्टी मारायचा. दिवसातून चाळीस वेळा. एका मार्चमध्ये, द्राक्षतोडणी संपत आली असताना, त्याने अशीच शिट्टी मारली, आणि नेमका त्याच क्षणी क्लेम चहाचा ट्रे घेऊन मागच्या पायऱ्या उतरत होता. दोन्ही कुत्री त्याच्या पायांमधून गेली. चहा भिंतीवर आणि क्लेम खाली. खुब्याचं हाड मोडलं.

त्याला ॲडलेडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. शस्त्रक्रिया, मग चालायचा सराव, सात-आठ आठवडे तरी लागतील म्हणाले. हेड्डी घरी एकटी, दोन पक्षी, दोन कुत्री आणि सत्तरीला टेकलेली कंबर. रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा.

"बिशप जेवला का?" हे त्याचं पहिलं वाक्य. "वेराने पिसं उपटायला नाही ना सुरुवात केली? स्मोकला रात्री आत घे हं, त्याचे सांधे दुखतात."

"माझे पण दुखतात," एका संध्याकाळी हेड्डी म्हणाली.

"काय म्हणालीस? लाइन खराब आहे."

"काही नाही. जेवला तो."

तिची धाकटी बहीण ट्राउडी दर बुधवारी यायची, दारातच उभी राहायची आणि आत येताना खुर्चीवर रुमाल पसरून बसायची. "अगं हेड्डी, तू वेडी आहेस का? नवरा त्यांच्यापायी लंगडा झाला आणि तू त्यांचं हगणं काढतेस! हायवेवर तो स्पार्गो आहे ना, पक्षी-बाग चालवणारा? तो घेतो असले. देऊन टाक. क्लेमला सांग उडून गेले."

"बिशपला उडता येत नाही."

"मग सांग चालत गेले!"

पुढच्या आठवड्यात हेड्डीला पावाच्या डब्यात काकाकुव्याची विष्ठा सापडली. झाकण बिशपने उघडायला शिकून घेतलं होतं. तिने डबा उकळत्या पाण्यात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला, आणि मग फोन उचलला.

गॉर्डन स्पार्गो स्वतः गाडी घेऊन आला. पोट सुटलेला, घसा खाकरत बोलणारा माणूस; गाडीतून उतरताच तो अंगणात थुंकला. हेड्डीने ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याच्या खोक्यात जाताना वेरा गप्प होती. बिशपने शिट्टी मारली. दोन्ही कुत्री धावत आली आणि गाडीच्या मागे फाटकापर्यंत गेली.

मग हेड्डीने घर धुतलं. तीन दिवस. व्हरांड्याची तुळई सोड्याने घासली, पडदे उतरवले, कपाटाच्या मागची भिंत पुसली. चौथ्या दिवशी सकाळी ती लोण्याची बशी समोर घेऊन बसली. लोणी पिवळं होतं. त्याच्यावर काहीही नव्हतं. तिने पावाला लावून ते सावकाश खाल्लं आणि तिला खरंच, मनापासून बरं वाटलं. पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. पक्ष्यांची आठवणही आली नाही.

अडचण झाली ती संध्याकाळी सहाची.

"बिशपला फोनवर घे ना," क्लेम म्हणाला. "दोन शब्द बोलतो त्याच्याशी."

"झोपलाय."

"सहा वाजता?"

"दमलाय. चिमटे फोडत होता दिवसभर."

तिकडे क्लेम खुशीत हसला. हेड्डीने फोन ठेवला आणि हात धुतले. उगाचच. हाताला काही लागलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिशप आंघोळ करत होता. तिसऱ्या दिवशी रुसला होता. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि सवय नसलेलं काम ती कधी नीट करत नसे. इकडे स्मोक रोज काहीतरी आणून व्हरांड्यात रिकाम्या दांडीखाली ठेवू लागला. एक दिवस सशाचा पाय, एक दिवस कार्पचं डोकं, डोळ्यांच्या जागी मुंग्या. हेड्डी फावड्याने उचलून पुरायची, बटन उकरून परत आणायची.

अकराव्या दिवशी तिला कोठीत सूर्यफुलाच्या बियांचं अर्धं पोतं दिसलं. उंदीर लागायच्या आत ते स्पार्गोला नेऊन द्यावं, म्हणून तिने गाडी काढली. एवढंच कारण होतं. पिंजऱ्यांची आच्छादनंही तिने बरोबर घेतली. धुतलेली होती, इस्त्री केलेली होती. ठेवून काय करायचं?

पक्षी-बाग म्हणजे हायवेलगत जुन्या पेट्रोल पंपामागे जाळीच्या पिंजऱ्यांची एक रांग. गाडीचं दार उघडताच वास आला. इतरांना माणसांची नावं ठाऊक असतात तशी हेड्डीला वासांची ओळख होती, आणि हा वास जुन्या मुताचा होता. आठवड्याचा नाही, वर्षांचा. जाळ्यांखाली विष्ठा वीतभर साठून तिचे ढीग झाले होते आणि ढिगांवर ढीग. पाण्याच्या भांड्यांत हिरवं शेवाळ, त्यात एक मेलेली लावी फुगून पालथी तरंगत होती. जाळ्या एकावर एक रचलेल्या, त्यामुळे वरच्यांचं सगळं खालच्यांच्या अंगावर. सर्वांत खालच्या जाळीत एक पक्षी असा होता, की सोललेली कोंबडी उभी केलीय असं वाटावं. डोकं तेवढं पिसांचं, बाकी नागडी, खरूज आलेली लाल कातडी.

हेड्डीच्या घशाशी आलं. छत्तीस वर्षांत दवाखान्यात जे झालं नव्हतं ते झालं. जाळीला हात लावायचा नाही म्हणून ती स्वतःच्याच गुडघ्यांवर हात टेकून वाकली.

आणि तेवढ्यात, तिच्या अगदी जवळून, तिचाच आवाज आला.

"शी!"

नागड्याच्या शेजारच्या जाळीत तिने मघाशी पाहिलं होतं, पण तो तिला ओळखू आला नव्हता. बिशप पांढरा राहिलाच नव्हता. पाठीवर वरच्यांचा सुकलेला थर, शेपूट चिकटून काडी झालेली. वेरा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. बिशप जाळीला धरून चढला, तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, "शी!"

"अगदी बरोबर," हेड्डी म्हणाली.

स्पार्गो मटण भरलेली पेस्ट्री खात आला. रस्सा हनुवटीवर ओघळलेला. त्याने हात शर्टाला पुसला आणि पुढे केला. हेड्डीने तो घेतला नाही.

"मिस्टर स्पार्गो, हे शेवटचं कधी धुतलं होतं?"

"धुवायचं काय त्यात? पक्षी हगायचेच, बाई. ते काय चर्चला निघालेत?"

"हगतात म्हणूनच पुसायचं असतं. माझे दोन मला परत द्या."

"एकदा दिलं ते दिलं." तो खाकरला, बाजूला थुंकला. "आणि आता एवढा पुळका? देताना तर म्हणालात, घाणेरडे आहेत, घेऊन जा."

"घाणेरडे आहेतच. पण ते स्वतःच्या घाणीने घाणेरडे होते. ही दुसऱ्याची आहे."

स्पार्गोने डोळे बारीक केले. असली तक्रार त्याने आधी कधी ऐकली नसावी. "नाही देत. काय करणार आहात?"

हेड्डीने त्याची बाहेरची खुर्ची ओढली, पिशवीतलं इस्त्रीचं आच्छादन तिच्यावर पसरलं आणि बसली. "इथे बसणार आहे. आरोग्य तपासनीस माझ्या धुलाईघरात वीस वर्षं येत होते. त्यांचा घरचा नंबर मला पाठ आहे. तुमचा फोन कुठे आहे, तो पण पुसून घ्यावा लागेल मला."

पाच-सात मिनिटं गेली. स्पार्गोने पेस्ट्री संपवली. मग शिव्या देत कुलूप काढलं.

पिंजरा आणला नव्हता. गाडीत कपड्यांची झाकणाची वेताची टोपली होती, तिच्यात तिने दोघांना घातलं. निघताना ती नागड्यापाशी थांबली. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"ते टकलं घेऊन जायचं तर जा," स्पार्गो म्हणाला. "आठवड्याभरात मरतंय ते."

का घेतलं, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. दातांवर दात दाबून, नजर दुसरीकडे वळवून तिने त्याला आच्छादनात गुंडाळलं आणि टोपलीत ठेवलं.

घरी येऊन तिने बाह्या वर केल्या. कपडे धुवायच्या हौदात कोमट पाणी, मऊ साबण. बिशपचं पाणी तीनदा बदललं, तिन्ही वेळा तपकिरी झालं. उवा सुटून तिच्या मनगटांवर चढल्या. ती "शी" म्हणत होती, तोही "शी" म्हणत होता, कुत्री हौदाभोवती भुंकत नाचत होती. अखेर टॉवेलात गुंडाळल्यावर बिशपने तुरा फुलवला, मान खालीवर केली आणि स्पार्गोकडचं जे काही पोटात होतं ते तिच्या तळहातावर काढून ठेवलं.

ते पाहून हेड्डीही ओकली. हौदातच.

सहाला फोन वाजला. "आज तरी जागा आहे का तो?"

तिने ओल्या हाताने फोन बिशपच्या तोंडाशी धरला.

मेच्या शेवटी क्लेम काठी टेकत घरी आला. कुत्र्यांनी त्याला पुन्हा पाडायचंच बाकी ठेवलं. व्हरांड्यात तीन पक्षी पाहून तो चकित झाला. तिसरा ट्राउडीच्या ओळखीच्या कुणाचा, असं काहीतरी हेड्डी पुटपुटली. तो खुर्चीत बसला, बिशपला मांडीवर घेतलं. बिशपने घसा खाकरला. चांगला खोलवर, कफ सुटेपर्यंत. मग थुंकल्याचा आवाज काढला. आणि मग जाड्या, परक्या आवाजात एक अशी शिवी दिली, जी क्रोनर्टांच्या घरात कुणी कधी उच्चारली नव्हती.

क्लेमने त्याला मांडीवरून उचलून समोर धरलं. "हेड्डी, हा आवाज कुणाचा?"

रेडिओ म्हणता आलं असतं. नळ दुरुस्त करणारा म्हणता आलं असतं. हेड्डीने ॲप्रनला हात पुसले आणि सगळं सांगितलं, अकरा दिवस, फोनवरचं झोपणं, आंघोळ, रुसणं, सगळं.

क्लेम ओरडला नाही. त्याने वर पाहिलं फक्त. ती नजर हेड्डीला चांगली ओळखीची होती. सुजलेल्या कार्पकडे ती स्वतः त्याच नजरेने बघायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर तिने ती कधी पाहिली नव्हती. आता ती तिच्यावर होती.

आठवडाभर क्लेम परसातल्या शेडमध्ये जेवला. ताट न्यायचा, ताट आणून ठेवायचा. आठव्या दिवशी ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मला त्यांची किळस येते, क्लेम. पहिल्या दिवसापासून येते. उद्याही येणार."

"माहितीय मला."

"पण तू माझ्याकडे असं बघू नकोस."

तो हातातला पाना फिरवत राहिला. "किळस आली म्हणून कुणी कुणाला टाकून येतं का? उद्या मी अंथरुणात करायला लागलो तर?"

"ते तर माझं काम आहे," हेड्डी म्हणाली. तिला त्याचा प्रश्न खरोखरच कळला नव्हता. "ते मी धुईन."

"मग ह्यांना का दिलंस?"

"कारण तू हसायचास! मी उकळायची आणि तू खिडकीत हसायचास. सतरा वर्षांत एकदा तरी तुळई पुसलीस?"

क्लेम उठला, बादली शोधू लागला. बादली कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने दाखवली नाही. काठी भिंतीला टेकवून, एका पायावर भार देऊन त्याने व्हरांड्याची तुळई घासली. वाईट घासली. कोपरे तसेच ठेवले. तो झोपल्यावर हेड्डीने ती पुन्हा घासली आणि त्याला कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून सकाळची बादली क्लेमची झाली, मरेपर्यंत.

तपासनिसांना फोन तिने केलाच होता. हायवेवरची पक्षी-बागेची पाटी हिवाळा संपायच्या आत उतरली.

टकलं काही मेलं नाही. पिसंही त्याला पुन्हा आली नाहीत. ती कातडी डोळ्यांसमोर नको म्हणून हेड्डीने जुन्या उशीच्या अभ्र्यांची त्याला बंडी शिवली, मग दुसरी, मग सात. रोज एक, आणि सोमवारी सातही उकळायच्या. गावातल्या बायका म्हणायच्या, हेड्डीला शेवटी लळा लागला हो. तिला ते ऐकून संताप यायचा. लळा बिळा काही नव्हता. त्या बंडीला जो वास यायचा, तो आठवूनही तिच्या अंगावर काटा यायचा.

क्लेम सहा वर्षांनी गेला, शेवटचे चार महिने अंथरुणात. त्या चादरी तिने धुतल्या. स्मोक, बटन त्याआधीच गेली होती, पाठोपाठ वेरा. टकलंही एका थंडीत गेलं. उरला बिशप. त्याच्या जातीचे माणसाएवढं जगतात. हेड्डीला एकोणऐंशी लागलं तेव्हा डॉक्टरने तिच्या छातीला नळी लावून जो चेहरा केला, तो तिला समजला, आणि ती बिशपसाठी घर शोधायला लागली.

ट्राउडीच्या मुलाने हो म्हटलं. हेड्डीने त्याच्या फ्रिजचं दार उघडलं आणि लगेच मिटलं. शेजारच्या गावातून एक जोडपं आलं, पक्षीवेडं. त्या बाईने बिशपला थेट चोचीवर ओठ टेकून पापा दिला. हेड्डीने त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

शेवटी रस्त्यापलीकडची डेस्पिना आली. ग्रीक बागायतदाराची थोरली मुलगी, पन्नाशीची, दातांच्या दवाखान्यात अवजारं उकळायचं काम करणारी. ती व्हरांड्याच्या पायरीवरच थांबली.

"खरं सांगू का, मिसेस क्रोनर्ट? मला पक्ष्यांची शिसारी येते. वडिलांच्या कोंबड्यांपासूनच. ह्याच्या त्या पायांकडे बघवत नाही मला. पण तुम्ही विचारताय म्हणून ठेवेन."

हेड्डीने चष्मा पुसला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "बस. नखं दाखव."

डेस्पिनाने हात पुढे केले. नखं बोटांच्या आत कापलेली होती, कातडी गरम पाण्याने भाजून लाल झालेली.

"फक्त चर्चमध्ये कुणाला सांगू नका, मला प्राण्यांची आवड आहे म्हणून," डेस्पिना म्हणाली.

"आवड असलेल्यांना घाण दिसत नाही," हेड्डी म्हणाली. "सोमवारी सकाळी सातला ये. पाणी किती कढत लागतं ते दाखवते. आणि जुने कपडे घालून, कान झाकून ये, सप्टेंबर लागलाय."